बेळगावच्या कोर्टाला इंजिनियर वकील हवेत, पण कन्नड येणारे

बी.ई. झाली, कॅम्पसमधून काही लागलं नाही, बेंगळुरूला दोन वर्षं पीजीत काढून पोरगं परत आलं. आता काय? तर "लॉ कॉलेजात नाव घाल, तीन वर्षांत सनद हातात येते." टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंतच्या मराठी घरांत हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. त्याच घरात दुसऱ्या खोलीतून उलटा आवाजही येतो: "चार वर्षं इंजिनियरिंग केलं ते काय काळा कोट घालून कोर्टाच्या आवारात उभं राहायला?" दोन्ही पक्षांची एक समजूत मात्र सारखीच आहे. वकिली सुरू झाली की इंजिनियरिंग संपलं, असं दोघंही धरून चालतात. बेळगाव जिल्ह्यातल्या दाव्यांची कागदपत्रं उघडून पाहिली तर ही समजूत टिकत नाही. इथल्या दाव्यांत जमिनीचं मोजमाप आहे, रस्त्याचा भराव आहे, कास्टिंगचं रिजेक्शन आहे, सीसीटीव्हीचं फुटेज आहे. ते समजणारा वकील इथे हवाच आहे. फक्त त्याने इंजिनियरिंग सोबत आणलं पाहिजे आणि साक्ष ज्या भाषेत नोंदली जाते ती भाषा शिकली पाहिजे. हे दोन्ही जमणार नसेल त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

आधी पेटंटचा भ्रम बाजूला करू, कारण इंजिनियर मुलांना कायद्याकडे ओढणारं पहिलं आकर्षण तेच असतं. पेटंट एजंट व्हायला एलएलबी लागतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा एवढं पुरतं. म्हणजे बी.ई. झालेला मुलगा त्यासाठी आजच पात्र आहे, तीन वर्षं कॉलेजात बसायची गरज नाही. एलएलबी लागते ती पेटंटच्या भांडणात कोर्टात उभं राहायला, आणि ती भांडणं बहुतेक उच्च न्यायालयांच्या शहरांत चालतात. ज्याला हेच करायचं आहे त्याने आयआयटी खरगपूरच्या राजीव गांधी बौद्धिक संपदा कायदा विद्यालयाकडे पाहावं. तिथली तीन वर्षांची एलएलबी मुळात इंजिनियरिंग-विज्ञानाच्या पदवीधरांसाठीच सुरू झाली. बेळगावात राहून पेटंटवर पोट भरण्याचा विचार करणाऱ्याने उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या किती कारखान्यांनी आजवर पेटंटचा अर्ज केलाय, हे दहा मालकांना विचारून यावं.

आता प्रवेश. बेळगावचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं, केएलई संस्थेचं बी. व्ही. बेल्लद कॉलेज त्यानंतरचं. दोन्ही हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पदवीला किमान ४५ टक्के लागतात; इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बहुतेक इंजिनियर इथे निर्धास्त असतात आणि नेमके इथेच अडकतात. व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असतो, आणि त्याची टक्केवारी काढायचं सूत्र तुमची बॅच कुठल्या स्कीमची आहे त्यावर ठरतं. तेव्हा रूपांतराचा कागद विद्यापीठाकडूनच घ्यावा, स्वतः गुणाकार करून अर्जात आकडा भरू नये. दुसरी अडचण डिप्लोमावाल्यांची. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं पुष्कळ. बार कौन्सिलचे नियम दहावी, बारावी, पदवी या सरळ साखळीवर उभे आहेत. त्यामुळे अशा विद्यार्थ्याने फी भरण्याआधी विद्यापीठाकडून पात्रता लेखी घ्यावी. "बघू पुढे" म्हणून तीन वर्षं काढली आणि सनदेच्या वेळी कागद अडला, तर दाद मागायला जायचं ते धारवाडच्या खंडपीठात, आणि तेही स्वतःचा वकील लावून.

कोल्हापूर-पुण्याला जायचं असेल तर महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, आणि सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद असते. पण वकिली बेळगावात करायची ठरलं असेल तर शिक्षण बेळगावातच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा, जमीन महसूल कायदा, इथली नोंदणी, इथली न्यायालयं यांची सवय कॉलेजच्या वर्षांतच लागते. पुण्याहून एलएलबी करून आलेल्या मुलाला सातबारा पाठ असतो आणि आपल्याकडचा उतारा वाचताना कॉलम नऊ म्हणजे काय हे विचारावं लागतं.

तीन वर्षांच्या काळात सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती नोकरीच्या प्रश्नावर. नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आणि एकूण किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने विद्यार्थ्याने नोकरी लपवू नये, असलीच तर मालकाचं ना हरकत पत्र असावं, असंही बजावलं. तरीही बेंगळुरूच्या आयटी कंपनीत घरून काम करत करत इथली एलएलबी पुरी करण्याचे बेत होतात. पदवी कदाचित मिळेलही. मिळत नाही ते कोर्टात बसण्याचं वळण. इंटर्नशिपचे १२ आठवडे ज्याने सिव्हिल कोर्टाच्या मागच्या बाकावर खरोखर बसून काढले, त्याला उलटतपासणीत प्रश्न कुठे थांबवायचा हे कळायला लागतं. हे पुस्तकात सापडत नाही, यूट्यूबवर तर मुळीच नाही.

पदवीनंतरची पायरी त्या मानाने सोपी. राज्य बार कौन्सिलकडे नावनोंदणी होते. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ७५० रुपयांहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क काय ते वेगळं. मग दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. १०० प्रश्न, ४५ टक्क्यांना पास, अनुसूचित जाती-जमातींना ४०. कोऱ्या कायद्याची पुस्तकं, म्हणजे भाष्य नसलेली, आत नेता येतात. क्लास लावायची ही परीक्षा नव्हे. मूळ कायदा ज्याने कधी उघडलेला नाही, फक्त गाइड वाचलंय, तो इथे पानं उलटत बसतो.

सनद घेतल्यावर पगारी नोकरी चालत नाही, हे इंजिनियरांनी नीट समजून घ्यायला हवं. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही, आणि नियम ४७ स्वतः धंदा चालवू देत नाही. डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच नकार दिला. म्हणजे सकाळी महापालिकेचं लायसन्स असलेला इंजिनियर म्हणून घराच्या नकाशांवर सह्या करायच्या आणि अकरा वाजता कोट चढवायचा, हा बेत मुळातच बाद. निवड करावी लागते, आणि ती नावनोंदणीआधी करावी लागते.

आता मूळ मुद्द्यावर. "इंजिनियरची लॉजिकल बुद्धी कायद्यात उपयोगी पडते" असं भाषणांत ऐकू येतं. मला ते फारसं पटत नाही. तर्क बी.ए.वाल्यालाही असतो, आणि तत्त्वज्ञान शिकलेल्याला जास्त असतो. इंजिनियरकडे असते ती दुसरीच गोष्ट. मोजमापाला चूक असते आणि ती किती असते, हे त्याला ठाऊक असतं. बेळगावच्या दिवाणी कोर्टात याला मोल आहे, कारण इथले निम्मे तंटे बांधावरून आहेत असं म्हटलं तरी कुणी हरकत घेणार नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. कंग्राळी किंवा येळ्ळूरसारख्या गावात दोन शेतकऱ्यांमध्ये बांधाचा वाद आहे. वादीचं म्हणणं, शेजाऱ्याने सहा इंच आत सरकून दगड लावला. कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६, नियम ९ खाली कमिशनर नेमतं. तालुका सर्व्हेअर जुनं टिपण (मोजणीचा मूळ कागद) घेऊन येतो. त्या टिपणात अंतर आहे साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. जी नोंद आण्यात घेतली गेली, तिच्यावरून सहा इंचांचं अतिक्रमण कसं सिद्ध होणार? नोंदीची मर्यादाच वादाच्या अंतराच्या चौपट आहे. वादीच्या वकिलाने दुसरा पुरावा शोधायला हवा: वहिवाट, जुनी झाडं, गेल्या मोजणीचे दगड. प्रतिवादीच्या वकिलाने सर्व्हेअरला उलटतपासणीत विचारायला हवं की मोजणी कुठल्या पक्क्या खुणेपासून धरली, दोन्ही बाजूंनी जोडून पाहिली का, आणि फरक आला तो कुठे वाटला. बहुतेक अहवालांत यातलं काहीच नसतं. मोजणी सुरू होते शेजारच्या तारेच्या कुंपणापासून, जे कुंपण वादाचाच भाग आहे. सिव्हिल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थिओडोलाइटने ट्रॅव्हर्स बंद केलेल्या, म्हणजे मोजत मोजत पुन्हा मूळ खुणेवर येऊन चूक तपासलेल्या मुलाला हे लगेच खुपतं. इतिहासात एम.ए. झालेल्या हुशार वकिलालाही ते दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याने ट्रॅव्हर्स कधी बंद केलेला नाही.

भूसंपादनात हेच अधिक मोठ्या रकमेवर घडतं. हलगा-मच्छे बायपासवरून सुपीक जमिनींचा तंटा वर्षानुवर्षं चालला, हे बेळगावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मुदती फार आखूड आहेत. कलम ३ए ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला २१ दिवस. कलम ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे गेली. मोबदला पटला नाही तर लवादाकडे जायचं, आपल्याकडे हे काम जिल्हाधिकारी बघतात. त्यांचा निवाडा पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात तीन महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. ही शेवटची मुदत शेतकऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त निसटते, कारण "अपील" म्हटलं की लोकांच्या डोक्यात वर्षाचा हिशेब असतो.

पण मुदत पाळणं कुठलाही जागा वकील करेल. संयुक्त मोजणीचा, म्हणजे जेएमसीचा कागद मात्र इंजिनियर वेगळ्या नजरेने वाचतो. उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यात, जेएमसीवर चौरस मीटरमध्ये. एक एकर म्हणजे ४,०४६.८६ चौरस मीटर. कुणी सोयीसाठी चार हजार धरले तर एकरामागे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जमीन कागदावरून उडते. शहरालगतच्या जमिनीत अर्धा गुंठा म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या घरात, एखाद्या लहान घराची जागा. मग विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहिला, तर पाइपलाइनला भरावाखालून जागा ठेवलीय का? पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी आधीच वडगाव-शहापूरच्या शिवारात भातात शिरतं. त्यात भराव आडवा पडल्यावर मोरीचा गाळा किती पाण्यासाठी काढलाय? जमीन तुटल्यामुळे आणि उरलेल्या जमिनीचं नुकसान झाल्यामुळे मिळणारी भरपाई कायद्यात आहे, पण ती मागावी लागते आणि आकड्यांनी दाखवावी लागते. अलाइनमेंटचा (रस्त्याच्या आखणीचा) नकाशा, चेनेज (रस्त्यावरची अंतरं), क्रॉस सेक्शन (आडवे छेद) हे कागद माहिती अधिकारात मागवता येतात. मागवल्यावर ते वाचणारा माणूस वकिलाच्या ऑफिसात नसतो, म्हणून ते फाइलला लागून पडून राहतात.

दुसरं मोठं क्षेत्र उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप. इथल्या लहान उद्योजकाचं दुखणं ठरलेलं असतं: माल गेला, पैसे आले नाहीत, तीन महिन्यांनी रिजेक्शनची डेबिट नोट आली. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा या उद्योजकाच्या बाजूने किती भक्कम आहे हे त्याला सहसा माहीत नसतं. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो माल स्वीकारला असं कायदा धरतो. करारात काहीही लिहिलं तरी पैसे द्यायची मुदत स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराने ७५ टक्के रक्कम आधी भरायची. आणि सीमाभागासाठी महत्त्वाचं: खरेदीदार कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा असो की पुण्याचा, त्याच्या पर्चेस ऑर्डरवर "पुणे कोर्टाच्या अधीन" असं छापलेलं असो, पुरवठादार जिथला तिथली फॅसिलिटेशन कौन्सिल (याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी) हे प्रकरण चालवू शकते. अट एकच, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) माल पाठवण्याच्या आधीची असावी. थकबाकी झाल्यावर घाईने नोंदणी केली की समोरचा वकील पहिला वार तिथेच करतो.

यात इंजिनियर काय वेगळं करतो? रिजेक्शनचं कारण "पोरॉसिटी" (धातूत राहिलेल्या पोकळ्या) लिहिलं असेल तर तो विचारतो, कुठल्या हीट नंबरची, म्हणजे भट्टीच्या कुठल्या ओतणीची? मशीनिंगच्या आधी दिसली की नंतर? ड्रॉइंगची रिव्हिजन कोणती होती? ऑर्डर एका रिव्हिजनची आणि तपासणी पुढच्या रिव्हिजनवर झाली असेल तर डेबिट नोट तिथेच कोसळते. हे प्रश्न मालकाच्या डोक्यात असतात, पण ते अर्जाच्या परिच्छेदांत उतरवायला दोन्हीकडची भाषा येणारा माणूस लागतो. एरवी अर्जात फक्त इन्व्हॉइसची यादी येते.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक पुरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र आता दोन भागांत आहे. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा) आणि ती कुठल्या पद्धतीने काढली हे नमूद करावं लागतं. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक प्रत ग्राह्य नाही, हे जुन्या कलम ६५बी खाली सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, पक्कं केलंच होतं. तरी सरसकट काय होतं? दुकानाच्या डीव्हीआरवरचं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावरचं) फुटेज मोबाइलने स्क्रीनवरून शूट केलं जातं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, दाबून लहान होतं आणि मग पेनड्राइव्हवर येतं. तोवर मूळ डीव्हीआरने आपली जुनी नोंद पुसून नवी लिहिलेली असते. योग्य क्रम साधा आहे. घटना कळताच रेकॉर्डिंग वाचवायचं. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक लिहून ठेवायचा. मूळ फॉरमॅटमध्येच प्रत काढायची. त्याच क्षणी एसएचए-२५६ हॅश काढून पंचांसमोर नोंदवायची. फाइलचा एक बिट बदलला तरी ती ६४ अक्षरं बदलतात, त्यामुळे पुढे कुणी "एडिट केलंय" म्हटलं तर उत्तर तयार असतं. कॉम्प्युटर सायन्स झालेल्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

इथे एक खड्डा आहे आणि उत्साही इंजिनियर वकील नेमका त्यात पडतो. अशिलाच्या फुटेजची हॅश मीच काढतो, तज्ज्ञ म्हणून मीच सही करतो, जमिनीचा नकाशाही मीच काढतो. असं करायचं नसतं. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे तो खटला वकिलाने घेऊ नये, असा व्यावसायिक आचाराचा नियम आहे. सही केलीत की समोरचा वकील तुम्हाला पिंजऱ्यात बोलावणार, आणि मग वकीलपत्र सोडावं लागणार. तुमचं इंजिनियरिंग तज्ज्ञाला योग्य प्रश्न विचारण्यासाठी आणि समोरच्या तज्ज्ञाची उलटतपासणी घेण्यासाठी आहे. तज्ज्ञ दुसराच हवा.

इंजिनियरिंगच्या काही सवयी आड येतात हेही मान्य केलं पाहिजे. इंजिनियरला एक बरोबर उत्तर हवं असतं. दिवाणी कोर्टात प्रश्न असतो, सिद्ध करायची जबाबदारी कुणावर आहे आणि दोन बाजूंपैकी कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय वाटतं. त्यामुळे नवे इंजिनियर वकील वादपत्रात सगळा तांत्रिक तपशील ओततात, बारा पानं होतात, आणि दाव्याचं कारण कधी उद्भवलं ही एक ओळ राहून जाते. दुसरं, ते कायद्याचं कलम सूत्रासारखं वापरतात. मुलीचा हिस्सा काढताना हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती लावून मोकळे होतात. २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत वाटणी आहे का, कर्नाटकाने १९९४ मध्ये आणलेली स्वतःची दुरुस्ती त्या घरातल्या लग्नाच्या तारखेला कशी लागू होते, वंशावळीत कुणी राहिलंय का, हे तपासत नाहीत. भाऊबंदकीच्या दाव्यात एक वारस पक्षकार करायचा राहिला की दहा वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

आता भाषा. या लेखातला सर्वांत नावडता भाग हाच असेल, पण तो टाळून बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३७ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ३०७ कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्याला देतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या न्यायालयांत साक्ष कन्नडमध्ये नोंदली जाते. अशील मराठीत बोलतो, नोंद कन्नडमध्ये होते. वकिलाला कन्नड वाचता आलं नाही तर आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी काय घातलं गेलं हे त्याला त्या क्षणी कळत नाही, आणि दुरुस्तीची वेळ तो क्षणच असतो. व्हीटीयूत एका क्रेडिटसाठी केलेलं व्यावहारिक कन्नड इथे पुरत नाही. जबानी वाचता यावी, नुडीवर (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर) टाइप करता यावं, आदेशपत्रकावरचं हस्ताक्षर लागावं, एवढी तयारी एलएलबीच्या पहिल्याच वर्षी सुरू करावी लागते. काहीजण म्हणतात, धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तिथे सगळं इंग्रजीत चालतं, आम्ही तिथेच जाऊ. धारवाडला येणारी फाइल मात्र खालूनच येते, आणि तिच्यातल्या साक्षी कन्नडच असतात.

"मराठी माणसाने कन्नड शिकायचं म्हणजे सीमाप्रश्नावर माघार घ्यायची का?" हा प्रश्न विचारला जातो. त्यातली भावना खोटी नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो तिथे लढला जाईल. सरकारी कचेरीत गाऱ्हाणं मांडायला घटनेचं कलम ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क देतं, तो हक्क आपण पुरेसा वापरत नाही आणि वापरायला हवा. पण ते कलम कोर्टातल्या साक्षीला लागू नाही. मराठी अशिलाची उलटतपासणी उद्या सकाळी आहे. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या वकिलाला कन्नड आलं तर नुकसान टळतं ते मराठी माणसाचंच.

उलट दोन्ही भाषा येणाऱ्याला इथे जी जागा आहे ती बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या वकिलाला कधीच मिळणार नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जुनी खरेदीखतं मराठीत आहेत, त्याआधीची मोडीत. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्याबद्दल कोर्ट अनुकूल गृहीत धरू शकतं, पण आधी तो कुणीतरी वाचायला हवा. चंदगड तालुक्यात माहेर आणि बेळगाव तालुक्यात सासर, दोन्हीकडे जमीन, अशी घरं शेकडो. दिवाणी संहितेच्या कलम १७ प्रमाणे मिळकत दोन न्यायालयांच्या हद्दीत असली तर कुठल्याही एकात दावा लावता येतो. कुठे लावायचा हा निर्णय पुढच्या पंधरा वर्षांचा असतो. चंदगडला लावला तर कामकाज मराठीत, वर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातलं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. बेळगावात लावला तर कन्नड आणि धारवाड. शेतजमीन खरेदीचे नियमही वेगळे: कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यावरची बंदी उठवली, महाराष्ट्रात ती आहे. वकील कायद्याचं तिसावं कलम जून २०११ पासून लागू झाल्यावर एका राज्यात नाव नोंदवलेला वकील दुसऱ्या राज्यातही उभा राहू शकतो. गडहिंग्लज आणि खानापूर दोन्हीकडे चालू शकणारे वकील बोटांवर मोजण्याइतके आहेत.

पैशाचं बोलायचं तर सुरुवातीची तीन-चार वर्षं ओढाताणीची असतात. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना ग्रामीण भागात महिना १५,००० आणि शहरी भागात २०,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. जिल्हा कोर्टात ते मिळेल असं धरून कर्जाचे हप्ते बांधू नयेत. इंजिनियरिंगचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर आधी दोन वर्षं नोकरी करून ते फेडावं आणि मग एलएलबीला यावं. फौंड्रीत किंवा साइटवर काढलेली ती दोन वर्षं पुढे वकिलीत भांडवल होतात. न्यायाधीश व्हायचं म्हणून येणाऱ्यांनीही हिशेब बदलावा. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. बी.ई., एलएलबी, मग तीन वर्षं, असं धरलं तर परीक्षेला बसेपर्यंत अठ्ठाविसावं उजाडतं.

या सगळ्यात कॉलेजांनी करण्यासारखं काम उघड आहे आणि ते कुणीच करत नाही. गोगटे इंजिनियरिंग कॉलेज आणि राजा लखमगौडा लॉ कॉलेज या दोन्ही कर्नाटक लॉ सोसायटीच्याच संस्था. केएलईकडेही इंजिनियरिंग आणि लॉ दोन्ही आहेत. एका संस्थेच्या दोन कॉलेजांना एकत्र बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सर्व्हेइंगच्या प्रयोगशाळेत लॉच्या मुलांनी आठ दिवस टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हाताळावं, कमिशनचे निकाली निघालेले अहवाल समोर ठेवून त्यांतल्या चुका शोधाव्यात. कॉम्प्युटर विभागाने हॅश प्रमाणपत्राचं प्रात्यक्षिक द्यावं. आणि रोज संध्याकाळी एक तास कोर्टातल्या कन्नडचा वर्ग, शिकवायला एखादा निवृत्त शिरस्तेदार, पाठ्यपुस्तक म्हणून नावं खोडलेल्या खऱ्या जबान्या. पहिल्या वर्षी वीस मुलं आली तरी चालेल.